आतून लागणारी कडी : अत्याचार आणि हेळसांड सोसलेल्या किशोरवयीन मुलींचं छोटं घर कसं चालवावं

घर सुरू करायचंय म्हणून सल्ला विचारायला येणारी माणसं बहुतेक एकाच वाक्याने सुरुवात करतात : "आम्ही या मुलींना भरभरून प्रेम देऊ." मला तिथेच धास्ती वाटते. हे वाक्य यातल्या बऱ्याच मुलींनी आधी ऐकलेलं असतं, आणि ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्यामुळेच त्या इथवर आलेल्या असतात. प्रेम होईल पुढे, झालं तर. आधी त्यांना अंदाज हवा असतो. आज रात्री घरात कोण असणार? जेवण किती वाजता? ताई चिडली की नेमकं काय करते? मी आंघोळीला गेले की दार कुणी ढकलणार नाही ना? ज्या घरात त्या वाढल्या तिथे यातल्या एकाही गोष्टीचा भरवसा नव्हता. तुमच्या घरात तो असला तर निम्मं काम झालं, आणि नसला तर समुपदेशनाची कितीही सत्रं लावा, ती वाया जातात.

मी अशा घरात बरीच वर्षं काम केलंय, आणि चुकाही भरपूर केल्यात. पुढे लिहिलंय ते सहा ते आठ मुलींच्या, साधारण १२ ते १८ वयाच्या गटासाठी आहे. परवाना, पालकत्व कुणाकडे, गुन्ह्याची खबर कुठे आणि किती वेळात द्यायची, हे त्या त्या देशाच्या कायद्यानुसार बदलतं. ते स्थानिक वकिलाकडून आणि बालसंरक्षण यंत्रणेकडून लेखी घ्या, मगच भाडेकरारावर सही करा.

आधी हे तपासा : या मुलीला असं घर हवंय का?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ साली मुलांच्या पर्यायी संगोपनासाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा गाभा दोन प्रश्नांत येतो. मुलीला घरातून काढणं खरोखर गरजेचं आहे का? आणि असेल, तर आपण देतोय ती जागा तिला योग्य आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुसरी यंत्रणा देते. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, आणि तिथे हात आखडता घेणं हेही कौशल्यच आहे.

आजी, मावशी, लग्न झालेली मोठी बहीण यांच्यापैकी कुणी सुरक्षित असेल, तर मुलगी तिथे जावी आणि तुम्ही त्या घराला आधार द्यावा. प्रतिपालक कुटुंब, म्हणजे मुलीला काही काळ आपल्या घरी सांभाळणारं दुसरं कुटुंब, मिळत असेल आणि तिला चालत असेल, तर तेही आधी बघावं. लहान मुलांसाठी तर कुटुंबच हवं. याच तत्त्वांमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांची सोय कुटुंबातच व्हावी, असं स्पष्ट म्हटलंय. पण पंधरा वर्षांच्या मुलीचं गणित कधीकधी वेगळं असतं. तिला नवी आई नकोच असते. दोन-तीन कुटुंबांतून ती परत आलेली असते, कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर 'आमचीच मुलगी' म्हणून बसायचा तिला वीट आलेला असतो. अशा मुलीला थोडं अंतर ठेवणारं घर मानवतं.

जिला व्यसनातून बाहेर पडताना वैद्यकीय देखरेख लागणार आहे, किंवा जिच्या जिवाला आज, या घटकेला धोका आहे, तिला आधी रुग्णालय हवं. 'खाट रिकामी होती म्हणून घेतली' हे वाक्य पुढे महिन्याभरात तीन मुलींना महागात पडतं : तिला, तिच्या खोलीतल्या मुलीला, आणि जिला जागेची खरी गरज होती तिला.

वास्तू : सुरुवात बाथरूमपासून करा

आमच्या पहिल्या घरात बाथरूमच्या दारांना आतून कड्या नव्हत्या. कुणीतरी सल्ला दिला होता की मुली आत स्वतःला इजा करून घेतात, म्हणून कड्या काढा. आम्ही काढल्या. एक चौदा वर्षांची मुलगी आली आणि रोज अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करू लागली. आम्ही म्हणायचो, लाजाळू आहे. अकरा दिवसांनी कपडे वाळत घालणाऱ्या मावशींनी विचारलं, "ही रोज निथळते कपडे का टाकते?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्याच दिवशी सुतार बोलावून कडी बसवली, बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी. दुसऱ्या दिवशी ती चाळीस मिनिटं आंघोळ करत होती. बाहेर रांग लागली होती, एक-दोघी कुरकुरल्या, पण दार कुणी वाजवलं नाही.

तर पहिली गोष्ट हीच : कडी आतून, आणि बाहेरून आणीबाणीत उघडण्याची सोय. ती फक्त आणीबाणीतच वापरायची, आणि उघडण्याआधी नाव घेऊन सांगायचं. आठ जणींना निदान दोन बाथरूम. सॅनिटरी पॅड तिथेच उघड्या फळीवर, कुणाकडे मागायला लागू नयेत. पॅडसाठी वहीत सही घेणारी घरं मी पाहिली आहेत. कशाचा हिशेब राखायचा असतो त्यांना, कोण जाणे.

एका खोलीत दोघी, फार तर तिघी. पलंग कुठला ते तिने निवडावं. बऱ्याच जणी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे अशी जागा निवडतात. ज्याचं बटण स्वतःच्या हाताशी आहे असा रात्रीचा दिवा, आणि कुलूप लागणारं एक छोटं कपाट. किल्ली तिच्याकडे. दुसरी किल्ली बंद पाकिटात कार्यालयात, पाकीट फोडलं तर का फोडलं ते लिहून, आणि ते तिला सांगून.

बोलण्याची एक खोली लागते. तिच्या दाराला काच हवी, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसतं पण काय बोलतात ते ऐकू येत नाही. यात मुलीचंही रक्षण होतं आणि कर्मचाऱ्याचंही. टांगता येईल असे भक्कम हूक, पडद्याचे मजबूत दांडे टाळा. वजन पडलं की निसटणारे दांडे मिळतात. औषधं, सुऱ्या, साफसफाईची रसायनं कुलपात. कॅमेरा लावायचाच तर बाहेरच्या फाटकाशी. झोपण्याच्या खोलीत किंवा बाथरूमजवळ कुठल्याही कारणाने नाही. फाटकावर संस्थेची पाटी नको. शाळेतल्या मैत्रिणीला घर दाखवताना मुलीला खोटं बोलावं लागू नये.

माणसं : हिशेब आधी करा, मन नंतर मोठं करा

आठवड्यात १६८ तास असतात. एक व्यक्ती ४८ तास काम करते असं धरलं, तरी एकच जागा अहोरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की साडेचार. घरात कुठल्याही वेळी दोन मोठी माणसं हवीत, त्यातलं एक रात्रभर जागं. म्हणजे नऊ. "आठ मुलींना नऊ माणसं?" असं देणगीदार हमखास विचारतात. हो, नऊ. एवढी माणसं परवडत नसतील तर मुली कमी घ्या. एकट्या गृहमातेवर चोवीस तास घर सोपवलं की ती सहा महिन्यांत एक तर निघून जाते किंवा कडवट होते, आणि दोन्हीची किंमत मुली मोजतात. ओळखीचा चेहरा पुन्हा एकदा न सांगता नाहीसा होणं ही या मुलींसाठी नवी जखम नसते, जुनीच उघडलेली असते.

निवड करताना प्रमाणपत्रांपेक्षा दोन गोष्टींवर वेळ घालवा. पहिली, आधीच्या नोकरीची चौकशी. उमेदवाराने दिलेल्या नंबरावर न थांबता संस्थेचा नंबर स्वतः शोधा आणि एकच प्रश्न विचारा : "मुलांसोबतच्या कामावर यांना पुन्हा घ्याल का?" उत्तर यायला लागणारा वेळही ऐका. पोलीस पडताळणी तर हवीच, पण ती फक्त पकडल्या गेलेल्यांचीच माहिती देते. दुसरी, मुलाखतीत थेट प्रसंग घाला. मुलगी तोंडावर थुंकली, तर पहिल्या मिनिटात काय कराल? 'मी समजून घेईन' हे उत्तर पुस्तकी. 'दोन पावलं मागे सरकेन, तोंड पुसेन, आणि दुसऱ्या ताईला हाक मारेन' असं म्हणणारी बाई कामाची.

मुलींचा उद्धार करायला आलेल्यांपासून जपून राहा. त्यांना कृतज्ञता हवी असते, आणि या मुली ती सहजासहजी देत नाहीत.

बंद दारामागे कुणीही मोठं माणूस एका मुलीसोबत एकटं नको. हा नियम ड्रायव्हरला, स्वयंसेवकाला, पाहुण्या डॉक्टरला आणि संस्थेच्या विश्वस्तालाही सारखाच. विश्वस्तासाठी पहिला अपवाद झाला की नियम संपला.

कर्मचाऱ्यांना दर पंधरवड्याला बाहेरच्या अनुभवी व्यक्तीसोबत तासभर बोलायची सोय करून द्या. रोज असल्या कहाण्या ऐकून झोप उडते, घरी स्वतःच्या मुलांवर खेकसायला होतं. याला दुय्यम आघात म्हणतात. कुणाच्या मनाच्या कमकुवतपणाशी त्याचा संबंध नाही.

पहिला तास आणि पहिली रात्र

मुलगी येण्याआधी तिच्याबद्दल जेवढं कळवता येईल तेवढं तिच्या सामाजिक कार्यकर्तीकडून घ्या : ॲलर्जी, औषधं, भीती कशाची वाटते, भावंडं कुठे आहेत. आणि तिलाही घराबद्दल आधी कळू द्या. दोन फोटो आणि एक पान माहिती पुरते.

ती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन येते. त्या पिशवीला कचऱ्यासारखं हाताळू नका, आणि तिला न विचारता कपडे धुवायला टाकू नका. त्या वासात तिचं काहीतरी असू शकतं. एक बरी बॅग तयार ठेवा, ती कायमची तिची.

दारात एकच व्यक्ती. सगळ्या मुली ओळीने स्वागताला उभ्या, गाणं, हार, असलं काही नको. बोलणं साधं असावं : "मी अमुक ताई. उद्या सकाळी सहापर्यंत मीच आहे, नंतर दुसऱ्या ताई येतील, त्यांचा फोटो फळ्यावर आहे. आधी पाणी हवंय की आधी बाथरूम दाखवू?" या शेवटच्या प्रश्नातला पर्याय फार मोलाचा. कित्येक महिन्यांत तिला कुणी काही विचारून केलेलं नसतं. मग घर दाखवा, कड्या दाखवा, स्वतः लावून उघडून दाखवा. तिची गोष्ट विचारू नका. फाइलमध्ये आहे ती.

अत्याचार अलीकडे झाला असेल तर मात्र घड्याळाकडे बघावं लागतं. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्या १२० तासांपर्यंत देता येतात, त्यांचाही परिणाम उशीर होईल तसा घटतो. पुरावा राहावा यासाठी तपासणीआधी आंघोळ टाळलेली बरी, आणि त्या वेळचे कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये दमट राहून खराब होतात. हे सगळं तिला कारणासकट सांगा. ती 'नाही' म्हणाली तर जबरदस्ती नाही. तिच्या शरीराबाबत तिचं 'नाही' चालतं, हे तिला तुमच्याकडेच पहिल्यांदा कळणार आहे.

बाकीची तपासणी पहिल्या दोन आठवड्यांत सावकाश : दात, डोळे, रक्त, राहिलेल्या लसी. हेळसांड झालेल्या मुलीला वर्षानुवर्षं फळा नीट दिसत नव्हता, हे चष्मा लागल्यावर कळतं. तोवर तिला 'ढ' ठरवलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात गादीखाली बिस्किटांचा पुडा, पावाचे तुकडे सापडतील. ओरडू नका, जप्तीही नको. झाकणाचा एक डबा द्या, तिच्या नावाचा, आणि रोज संध्याकाळी त्यात काहीतरी भरून ठेवा. काही आठवड्यांनी डबा भरलेलाच राहू लागतो. तेव्हाही भरणं बंद करू नका. ते तिने ठरवावं.

ती बोलू लागली की

बोलणं ठरलेल्या सत्रात येईलच असं नाही. भांडी विसळताना, गाडीत पुढे बघत, दिवा मालवल्यावर, म्हणजे डोळ्यांत बघावं लागत नाही अशा वेळी येतं. "ताई, एक सांगू, पण कुणाला सांगायचं नाही." इथे नव्या कर्मचारी हमखास चुकतात. 'नाही सांगणार' असं वचन कधीच द्यायचं नाही. असं म्हणा : "तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल, तर मला ते ज्यांचं काम आहे त्यांना सांगावं लागतं. पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. तरी सांगायचंय?" बहुतेक जणी क्षणभर गप्प होतात आणि मग सांगतात.

हातातलं काम चालू ठेवा. भांडं खाली ठेवून तोंडावर हात गेला की तीही थांबते. 'तू तेव्हा ओरडली का नाहीस', 'आईला का नाही सांगितलंस' हे प्रश्न गिळून टाका. तपशील खणू नका, ते तपास अधिकाऱ्याचं काम आहे. आपण सुचवलेला शब्द तिच्या जबाबात शिरला तर पुढे न्यायालयात तोच तिच्यावर उलटतो. 'मग?' आणि 'पुढे काय झालं?' एवढं पुरतं. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात : आत्ता दुखतंय किंवा इजा आहे का, त्या माणसाची तिच्यापर्यंत पोच अजून आहे का, आणि त्याच्याजवळ दुसरं मूल आहे का. हा तिसरा प्रश्न विसरू नका. खूपदा घरी धाकटी बहीण मागे राहिलेली असते, आणि खरं तर तिच्याच काळजीने ही तोंड उघडते.

शेवटी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." मग लगेच एका कोपऱ्यात बसून लिहा. तारीख, वेळ, ती काय करत होती, आणि तिचे शब्द जसेच्या तसे, मग ते कितीही ओबडधोबड असोत. ती 'घाण काम' म्हणाली असेल तर 'घाण काम'च लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. खबर त्याच दिवशी द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी नेहमीसारखं वागायचं, जास्त गोड नाही आणि अवघडून तर मुळीच नाही.

दिवसाची आखणी आणि नियम

स्वयंपाकघराजवळ एक फळा. आठवडाभर कुठल्या पाळीला कोण, फोटोसकट. जेवणाच्या वेळा, जेवणात काय, कुणाचा दवाखाना कधी, कोण पाहुणं येणार. बदल झाला तर आधी फळ्यावर, मग तोंडी. कंटाळवाणं वाटतं ना? तेच हवंय. ज्या दिवशी फळ्यावर लिहिलेली ताई आली नाही आणि कुणी काही बोललं नाही, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात काहीतरी फुटतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता पैजही लावणार नाही कुणी माझ्याशी.

नियम पाच-सहाच असावेत आणि मुलींसोबत बसून ठरवलेले असावेत. मारायचं नाही, दुसरीच्या पलंगावर न विचारता बसायचं नाही, बाहेर जाताना सांगून जायचं, असे. आमच्याकडे पूर्वी सत्तावीस होते. एकही ताई सत्तावीस नियम सारखेपणाने पाळून घेऊ शकत नाही, म्हणून कोण कुठल्या ताईच्या पाळीत सुटतं यावरच मुलींचा अभ्यास चालायचा.

शिक्षा म्हणून मारणं, उपाशी ठेवणं, खोलीत कोंडणं, केस कापणं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं, यातलं काहीही नाही. घरच्यांशी किंवा भावंडांशी भेट रद्द करणं हीसुद्धा शिक्षा होऊ शकत नाही. घरच्यांशी संपर्कावर शिक्षा म्हणून बंधन घालू नये, असं २००९ च्या तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय. परिणाम गोष्टीला धरून असावा : ताट आपटून फोडलं, तर राग उतरल्यावर तुकडे दोघींनी मिळून गोळा करायचे.

गुणांची पद्धत अनेक घरांत दिसते : चांगलं वागलं की गुण, गुण जमले की सवलत. तिचं एक ठळक मूळ अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी १९६७ साली सुरू झालेल्या 'अचीव्हमेंट प्लेस' या मुलांच्या घरात आहे. त्या घराचं मोठं देणं वेगळंच आहे : एक जोडपं मुलांसोबत राहून रोजच्या व्यवहारात वागण्याबोलण्याची छोटी कौशल्यं पायरीपायरीने शिकवत असे. नक्कल करणाऱ्यांनी ते शिकवणं सोडलं आणि गुणांचे तक्ते उचलले. अत्याचारातून आलेल्या मुलीला तर 'मी सांगतो ते कर, मग तुला आवडतं ते देतो' हा सौदा फार ओळखीचा असतो. मी तक्ते वापरत नाही.

रात्र

या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि या मुलींची झोप नेमकी तिथेच हरवलेली असते. बहुतेकींच्या आयुष्यात जे झालं ते रात्रीच झालं. म्हणून नऊनंतर घरात नवीन काही घडू देऊ नका. कडक बोलणी नकोत, न्यायालयाच्या तारखेची बातमी नको, खोल्यांची अदलाबदल नको. रात्रीची फेरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चपलांच्या आवाजात. दबक्या पावलांनी आलेलं माणूस म्हणजे काय, हे त्यांना माहीत असतं.

मुलगी किंचाळत उठली तर हात लावू नका. दारात उभं राहून दिवा लावा, नावाने हाक मारा. "मी अमुक ताई आहे. तू तुझ्या खोलीत आहेस. आज मंगळवार. दार उघडं आहे." मग पाच दिसणाऱ्या वस्तू, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज, दोन वास, एक चव असं तिच्याकडून मोजून घ्या. तीनपर्यंत येईतो श्वास बराचसा ताळ्यावर आलेला असतो. कुणी अंथरूण ओलं करत असेल तर कपाटात जादा चादरी तिच्या हाताशी ठेवा, आणि त्यावर एक अक्षरही बोलू नका.

हाताला ब्लेडचे व्रण दिसले तर आधी जखम धुवा, चेहरा शांत ठेवून. नंतर सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतंय का?" असं विचारल्याने तिच्या डोक्यात तो विचार जात नाही. असला तर बाहेर येतो. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच रात्री डॉक्टर गाठा. 'पुन्हा करणार नाही' अशा कागदावर सही घेण्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा तिच्यासोबत बसून एक पान तयार करा : त्रास सुरू होतोय हे कशावरून कळतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कुणाला उठवायचं.

निघून गेलेली मुलगी

कधी ना कधी एक जण निघून जाईलच. फाटकाला कुलपावर कुलूप घालणं हा उपाय नाही. आग लागली तर काय होईल, एवढाच विचार करून बघा. प्रत्येक मुलीची उंची, खुणा, ताजा फोटो, जवळची माणसं असं एक पान तयार असावं. ठरलेल्या वेळी परतली नाही की फोन, अर्ध्या तासात शोध, आणि पोलिसांना लगेच खबर. 'येईल संध्याकाळी' म्हणून वाट बघू नका. पळालेल्या मुलीवर नजर ठेवून असणारी माणसं वाट बघत नाहीत.

परत आली की आधी जेवण आणि अंथरूण. सकाळी विचारा की कुठे जायचं होतं. 'का पळालीस' यापेक्षा या प्रश्नाला उत्तर मिळतं. एकदा एक मुलगी तीन वेळा पळाली, आणि तिन्ही वेळा धाकट्या भावाच्या शाळेबाहेर सापडली. दर शनिवारी भेट ठरवली, पळणं थांबलं.

गटाचा धोका

दुखावलेल्या मुलींना एकत्र ठेवलं की त्या एकमेकींना सावरतात, हे खरं. पण एकमेकींना शिकवतातही. मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं होतं की बिघडलेल्या वर्तनाच्या किशोरांना एकत्र आणून मदत करायला गेलं तर कधीकधी ते वर्तन वाढतं. एकीने हात कापला की आठवड्यात तिसरीच्या हातावर पट्टी दिसते. म्हणून मुलींना जास्तीत जास्त बाहेरच्या जगात ठेवा : नेहमीची शाळा, खेळाचा संघ, बाहेरच्या मैत्रिणी. सगळं घरातल्या घरात पुरवलं की ते घर राहत नाही.

एखादी मुलगी दुसरीशी लैंगिक जबरदस्ती करतेय असा संशय आला तर खोल्या त्याच संध्याकाळी बदला आणि दोघींसाठी वेगवेगळी मदत आणा. 'मुली मुलीच तर आहेत' म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

फोनवर सरसकट बंदी टिकत नाही, चोरून दुसरा फोन येतो. रात्री नऊला सगळ्यांचे फोन, ताईचासुद्धा, एका जागी चार्जिंगला लावायचे. कुणी फोटो मागितला, धमकी दिली, तर फोन जप्त होणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती तुम्हाला कधीच सांगणार नाही.

आणि देणगीदारांपुढे मुलींनी आपली कहाणी सांगायची नाही, नाच करून दाखवायचा नाही. चेहरा दिसणारा फोटो नाही. देणगी गेली तर जाऊ दे.

घरची माणसं, आणि बाहेरचा डोळा

ज्या आईने विश्वास ठेवला नाही, तिच्यावर मुलीचा राग असतो आणि तिचीच वाटही ती बघत असते. दोन्ही एकाच वेळी. आपण आईला खलनायिका ठरवून टाकली की मुलगी आपल्याशी बोलणं बंद करते. भेट सुरक्षित असेल तर ती देखरेखीखाली व्हावी, आधी आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवून. भेटीनंतरची संध्याकाळ वादळी जाणार हे धरूनच चाला. त्यावरून भेटी बंद करायची घाई नको.

मुलींना घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीचा नंबर हवा, जिच्यावर तुमचा हुकूम चालत नाही आणि जिच्याकडे तुमचीच तक्रार करता येते. हा नंबर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे टिपून घेताना कुणी बघत नाही. १९८९ च्या बालहक्क कराराच्या २५ व्या कलमानुसार, संगोपनासाठी बाहेर ठेवलेल्या मुलाच्या परिस्थितीचा ठराविक काळाने आढावा व्हायला हवा, तो हक्क आहे. आढाव्याच्या बैठकीत मुलगी स्वतः बसावी आणि तिच्याबद्दल लिहिलेलं तिला वाचता यावं. आपण लिहिलेलं तीही वाचणार आहे हे ठाऊक असलं की कर्मचारी 'हट्टी', 'नाटकी' असले शब्द लिहिताना थबकतात.

बाहेर पडण्याची तयारी

अठरावा वाढदिवस ही या मुलींना सगळ्यात जास्त धास्तावणारी तारीख. तयारी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू करा : जन्मदाखला आणि ओळखपत्रं तिच्या नावाने तिच्या ताब्यात, बँकेत खातं, महिन्याचा हिशेब, दवाखान्यात स्वतः नंबर लावणं, घरमालकाशी बोलणं. चुकायला जागा ठेवा. महिन्याचे पैसे दहा तारखेला संपले तर ते इथे असताना संपलेले बरे.

शेवटचे सहा महिने वागणं बिघडतं. भांडण उकरून काढतात, कारण हाकलून दिलं की निरोप घ्यावा लागत नाही. त्या सापळ्यात सापडू नका.

गेल्यावर पहिलं वर्ष दर आठवड्याला फोन तुम्ही करायचा, ठरलेल्या दिवशी. तिच्या खोलीत दुसरी मुलगी येईल हे तिला आधी सांगा. डब्यावरचं तिचं नाव मात्र न विचारता खोडू नका. आणि गेलेल्या मुलींच्या नावांची यादी रात्रपाळीच्या टेबलावर ठेवा. बहुतेक जणी पहिला फोन रात्री दहानंतर करतात, आणि तेव्हा नवीन ताईने "कोण बोलतंय?" असं विचारलं की ठेवून देतात.